आपण ट्रेलर बघत नाही, ट्रेलरची हमाली करतो

आधीच सांगून ठेवते, या लेखात मी सुपरहिरोंच्या सिनेमांना नावं ठेवणार नाहीये. ते काम करायला घरोघरी एक काका असतोच. 'चड्डी बाहेरून घालणारी माणसं काय बघता रे' हा विनोद त्यांना अजून नवा वाटतो. मी फॅन आहे. 'आयर्न मॅन'पासून सगळं पाहिलंय, डीसीचे आपटलेले सिनेमेही पाहिलेत, आणि 'एंडगेम'च्या शेवटी भर थेटरात रडलेय. तेव्हा हे भांडण घरातलं आहे. काकांनी मध्ये पडू नये.

भांडण ट्रेलरशी आहे. आणि त्याहून जास्त, ट्रेलर आला की आपलं जे होतं, त्याच्याशी आहे.

रिकाम्या खुर्च्यांचा खेळ

२६ मार्च २०२५ रोजी मार्व्हलने एक लाइव्ह सुरू केलं. स्क्रीनवर खुर्च्या. शूटिंगला नटांसाठी असतात तशा, पाठीवर नाव लिहिलेल्या. थोड्या थोड्या वेळाने कॅमेरा सरकायचा आणि पुढच्या खुर्चीवर नवं नाव दिसायचं. 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये कोण कोण आहे, हे जाहीर करायची ही पद्धत. सत्तावीस नावं, साधारण साडेपाच तास. सगळ्यात शेवटी रॉबर्ट डाउनी ज्युनिअर. तोवर ना गोष्ट, ना संवाद, ना एक ठोसा. लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी कुणी साडेपाच तास वाचून दाखवली, तर आपण जेवण न करता मांडव सोडू. इथे मात्र आपण बसून राहिलो, आणि दर नव्या नावाला ग्रुपवर ओरडलो.

मग डिसेंबर २०२५ मध्ये टीझर आले. आधी 'अवतार: फायर अँड अ‍ॅश'च्या खेळांना जोडून थेटरात, मग नेटवर. एक नाही, चार. दर आठवड्याला एक. सिनेमा येणार १८ डिसेंबर २०२६ ला, म्हणजे टीझरनंतर तब्बल एका वर्षाने.

पहिला टीझर स्टीव्ह रॉजर्सचा. तो मोटरसायकलवरून घरी येतो, जुना गणवेश हातात घेऊन बघतो, मग तान्ह्या बाळाला उचलून घेतो. स्टीव्ह रॉजर्स परत येणार, एवढंच लिहून येतं आणि उलटं घड्याळ सुरू होतं. संपलं.

अंगावर काटा आला. का नाही येणार? पण तो काटा कुठून आला, ते बघा. त्या मिनिटभरात नवीन असं काहीच नव्हतं. काटा आला तो २०१९ मधून. 'एंडगेम'मध्ये म्हातारा स्टीव्ह बाकावर बसून सॅमच्या हाती ढाल देतो, आणि मग तो राहून गेलेला नाच होतो, तिथून. अकरा वर्षं चाललेल्या गोष्टीचा तो पूर्णविराम होता. तिकीट काढून, तीन तास बसून, रडून आपण तो कमावला होता. टीझरने तो पूर्णविराम एका मिनिटात खोडला आणि त्याचा स्वल्पविराम केला.

सिनेमाने हे केलं असतं तर माझी तक्रार नव्हती. सिनेमाकडे वेळ असतो. स्टीव्ह का परततो, त्याची किंमत काय, त्या बाळाचं काय होणार, हे सांगून तो आपल्याला पटवू शकतो. कदाचित पटवेलही. टीझरला काहीही पटवायचं नसतं. तो आपल्याच जुन्या रडण्यावर उचल घेतो आणि फेडायची जबाबदारी वर्षभरानंतरच्या सिनेमावर टाकतो.

पॉज, झूम, ब्राइटनेस

आता आपण काय करतो ते बघू. ट्रेलर येतो. पहिल्यांदा साधा बघतो. दुसऱ्यांदा हेडफोन लावून. तिसऱ्यांदा पाव वेगाने. मग पॉज, स्क्रीनशॉट, झूम, ब्राइटनेस वाढवून अंधारातली सावली कोणाची ते शोधणं. छातीवरच्या चांदणीचा रंग मागच्या सिनेमाशी ताडून बघणं. दीड मिनिटाच्या ट्रेलरवर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, ज्याच्या थंबनेलवर एक उघडं तोंड आणि एक लाल बाण. त्या व्हिडिओवर दुसऱ्याची रिअ‍ॅक्शन. त्या रिअ‍ॅक्शनवर मीम.

याला मी हमाली म्हणते, आणि शब्द जपून वापरतेय. हमाल दुसऱ्याचा माल डोक्यावरून नेतो. आपणही तेच करतो. फरक इतकाच की हमालाला मजुरी मिळते, आणि आपण वर तिकिटाचे पैसे देतो.

कंपन्यांना हे नेमकं ठाऊक आहे, म्हणून ट्रेलरचाही आता गल्ला मोजला जातो. 'इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरला २०१७ मध्ये पहिल्या चोवीस तासांत २३ कोटी व्ह्यूज. 'एंडगेम'ला २०१८ मध्ये २८ कोटी ९० लाख. 'स्पायडरमॅन: नो वे होम'ला २०२१ मध्ये साडेपस्तीस कोटींवर. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ला २०२४ मध्ये साडेछत्तीस कोटी. हे आकडे कंपन्याच जाहीर करतात आणि आपण ते 'आपला' विजय म्हणून शेअर करतो. एका जाहिरातीने दुसऱ्या जाहिरातीचा विक्रम मोडला, यात आपण नेमकं काय जिंकलो?

गंमत म्हणजे 'ट्रेलर' या शब्दाचा अर्थ मागून येणारा. सुरुवातीच्या काळात तो मुख्य सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव. लोक उठून जातात हे लक्षात आल्यावर तो पुढे आणला गेला. मार्व्हलने २००८ मध्ये 'आयर्न मॅन'ची श्रेयनामावली संपल्यावर निक फ्युरीला आणून ट्रेलरला परत मूळ जागी नेलं. तेव्हा ते लाजवाब होतं. आज मात्र सिनेमा संपला की पहिला प्रश्न 'कसा होता' असा येत नाही. 'शेवटी काय दाखवलं' असा येतो. म्हणजे सिनेमाच्या आधी ट्रेलर, सिनेमाच्या नंतर ट्रेलर, आणि मधला सिनेमा म्हणजे या दोघांना जोडणारा पूल.

स्पॉयलरचा गुन्हा कोणाला माफ?

माझ्या मावसभावाने 'एंडगेम' बघून आल्यावर कुटुंबाच्या ग्रुपवर एकच वाक्य टाकलं होतं. त्या एका वाक्यासाठी आम्ही त्याच्याशी गणपतीपर्यंत धड बोललो नाही. स्पॉयलर देणारा म्हणजे आमच्यात पापी. बरोबरच आहे.

मग कंपनीला हा न्याय का नाही?

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' मार्च २०१६ मध्ये आला. त्याच्या डिसेंबर २०१५ मधल्या ट्रेलरने डूम्सडे नावाचा राक्षस दाखवला आणि त्याच्यासमोर बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वुमन तिघे एकत्र उभे दाखवले. सिनेमाचं नावच मुळी दोघांच्या भांडणाचं. ते मिटणार आणि पुढे तिघे मिळून कोणाशी लढणार, हे तीन महिने आधी सांगून टाकलं. मग थेटरात आपण कशाची वाट बघत बसायचं? त्यांनी एकदाचं मिटवावं, याची?

'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' याहून वाईट. फेब्रुवारी २०२५ मधल्या त्या सिनेमात राष्ट्राध्यक्ष रॉसला काहीतरी होतंय, काय ते कळत नाही, असं रहस्य जपत जपत शेवटच्या टप्प्यात तो रेड हल्क होतो. कथा लिहिणाऱ्याने तो क्षण राखून ठेवला होता. जाहिरात करणाऱ्याने तो आदल्या वर्षीच टीझरमध्ये आणि मग पोस्टरवर मांडून ठेवला. सिनेमातली माणसं कोड्यात, आणि समोर बसलेला अख्खा हॉल घड्याळ बघतोय, हा लाल कधी होणार म्हणून.

आणि मे २०२५ मधला 'थंडरबोल्ट्स'. नावापुढे एक चांदणी होती आणि तिचा अर्थ शेवटच्या क्षणी उलगडत होता. शुक्रवारी सिनेमा अमेरिकेत लागला. सोमवारी कंपनीनेच पोस्टरवर नवं नाव लावून शेवट जाहीर केला. माझ्या मावसभावाने निदान फक्त ग्रुपवर सांगितलं होतं. यांनी चौकात फलक लावला.

मग खोटं बोलू लागले

आपण झूम करतो हे कळल्यावर कंपन्यांनी दुसरा रस्ता काढला. 'इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये वकांडाच्या मैदानावर सगळ्यांबरोबर हल्क धावताना दिसतो. सिनेमात तो तिथे नाहीच. तिथे हल्क बाहेर यायलाच नकार देतो आणि बॅनर चिलखतात शिरून लढतो. 'नो वे होम'च्या ट्रेलरमधून दोन स्पायडरमॅन पुसून टाकले होते. ब्राझीलसाठीच्या आवृत्तीत मात्र लिझर्डच्या तोंडावर हवेतूनच ठोसा बसलेला दिसला, आणि फॅन मंडळींनी तो क्षणात पकडला.

खरं सांगायचं तर सगळं फोडणाऱ्या ट्रेलरपेक्षा खोटं बोलणारा ट्रेलर मला परवडतो. हल्क येणार म्हणून गेलो आणि हल्क आलाच नाही, हा धक्का निदान सिनेमातला होता. पण हा खेळ पुढे कुठे गेला ते बघा. आता ट्रेलर सरळ बघणाऱ्यासाठी बनत नाही. पॉज करणाऱ्यासाठी बनतो. एका फ्रेममध्ये मुद्दाम काहीतरी सोडायचं, दुसरीतून मुद्दाम काहीतरी पुसायचं. आपल्याला वाटतं आपण हेर आहोत. प्रत्यक्षात आपल्या वाटेवर दाणे टाकलेत आणि आपण टिपत चाललोय.

कोर्टात गेलात तर

फसवणूक झाली तर दाद मागता येते का? हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे, आणि योगायोग असा की त्या सिनेमाचं नाव होतं 'फॅन'. २०१६ चा, शाहरुख खानचा. प्रोमोमध्ये गाजलेलं 'जबरा फॅन' हे गाणं सिनेमात नव्हतंच. एका प्रेक्षक बाईंनी ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यशराज फिल्म्सच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: प्रोमो म्हणजे करार नव्हे, वचनही नव्हे. तिकीट काढायला उद्युक्त करणं एवढंच त्याचं काम.

पुष्कळ जणांना हा निकाल अन्यायाचा वाटला. मला तो फ्रेम करून प्रत्येक फॅनच्या खोलीत लावावासा वाटतो. देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने मराठी माणसाला समजेल इतकं स्वच्छ सांगितलंय की ट्रेलरने तुम्हाला शब्द दिलेला नाही. मग आपणच त्याला पोथीसारखं का वाचतो? साबणाच्या जाहिरातीतल्या फेसाचा आपण कधी पॉज करून अभ्यास करतो का?

ट्रेलरने खाल्लेला सिनेमा

यात नुकसान फक्त आपल्या वेळेचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. वेळ आपण असाही घालवतोच. नुकसान सिनेमाचं होतंय.

'सुइसाइड स्क्वॉड' आठवा. जानेवारी २०१६ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तालावर कापलेला त्याचा ट्रेलर आला आणि सगळे वेडे झाले. रंगीत, मिश्कील, चटपटीत. दिग्दर्शक डेव्हिड एअरचा सिनेमा मात्र गडद होता. सिनेमा लागला तेव्हा हॉलिवूडच्या व्यापारी पत्रांतून बातमी आली की स्टुडिओने ट्रेलर कापणाऱ्या कंपनीलाच सिनेमाच्या संकलनात आणलं होतं. ट्रेलर आवडला ना, मग सिनेमाही तसाच करा! जो पडद्यावर आला तो धड ना गडद, ना मिश्कील. एअरने पुढे जाहीरपणे सांगितलं की प्रदर्शित झालेली आवृत्ती माझी नाही. ट्रेलर सिनेमासाठी असतो हा नियम तिथे उलटा झाला. आणि तो उलटवायला आपल्या टाळ्या कारणीभूत होत्या.

दुसरं नुकसान माणसांचं. ट्रेलर आला की आपली दुसरी आवडती ओळ ठरलेली: 'ग्राफिक्स किती घाण आहे.' मे २०२२ मध्ये 'शी-हल्क'च्या ट्रेलरवर हीच ओळ जगभर चालली. ट्रेलरमधले शॉट सिनेमाच्या कितीतरी आधी हवे असतात, त्यामुळे अर्धंकच्चं काम घाईत पुढे ढकललं जातं. आपण हसतो ते त्या घाईला. मार्व्हलच्या कामांत किती तास राबवतात आणि शेवटच्या क्षणी किती बदल सांगतात, हे त्याच वर्षी व्हीएफएक्स कलाकार उघडपणे बोलू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमताने युनियनच्या बाजूने मतदान केलं.

हॉलिवूडचं पुष्कळसं काम मुंबई आणि बंगळुरूच्या स्टुडिओंत होतं. एकेक केस, एकेक ठिणगी, वायरवर लटकलेल्या नटामागची वायर पुसणं, हे करणारी मुलं आपल्याच वयाची आहेत. २०२५ च्या सुरुवातीला टेक्निकलर ही जुनी कंपनी कोसळली तेव्हा भारतातल्या तिच्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्याही गेल्या. 'ग्राफिक्स घाण' लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर कोणतीतरी बलाढ्य अमेरिकन कंपनी असते. त्या ओळीचं ओझं शेवटी जातं ते रात्री अकराला ऑफिसात बसलेल्या पोराच्या डोक्यावर.

'पण मजा येते ना!'

येते. आणि मजेला मी नाही म्हणत नाही.

काही ट्रेलरनी भलंही केलंय. जुलै २०१४ मध्ये 'डेडपूल'चं चाचणीसाठी केलेलं फुटेज बाहेर फुटलं, लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि वर्षानुवर्षं अडकलेल्या सिनेमाला काही आठवड्यांत हिरवा कंदील मिळाला. २०२३ मध्ये 'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडरव्हर्स' भारतात दहा भाषांत आला. त्यात मराठीही होती. पवित्र प्रभाकर मुंबटनच्या गर्दीतून झोके घेत मराठीत बोलतोय, हे ट्रेलरमध्ये ऐकलं तेव्हा मी तो आईला दाखवला. तिला स्पायडरमॅनमध्ये काडीचा रस नाही. 'अगं, हा तर आपल्यासारखं बोलतो,' एवढं ती म्हणाली. त्या ट्रेलरने एक दार उघडून दिलं आणि तो बाजूला झाला. ट्रेलरने करायचं ते इतकंच.

कुणी म्हणेल, फ्रेम फ्रेम वाचणं हीसुद्धा एक कलाच आहे. मान्य. एका ढालीवरच्या ओरखड्यावरून तीन सिनेमांमागचा प्रसंग ओळखणारी मुलं-मुली मी बघते तेव्हा थक्क होते. इतकं बारीक वाचन, इतकी स्मरणशक्ती, इतका वाद घालायचा दम! मराठीच्या वर्गात कवितेचं रसग्रहण लिहिताना ज्यांना चार ओळी सुचत नव्हत्या, तीच ही पोरं. पण मग हाच प्रश्न आहे. इतकी धारदार नजर आपण जाहिरातीवर झिजवतो, आणि सिनेमा आला की पाच शब्दांत उरकतो: 'ठीक होता, पाच पैकी तीन.' ट्रेलरवर वर्षभर बोललो, सिनेमावर दोन दिवस. सोमवारी कुणाला आठवतही नाही, कारण सोमवारी पुढचा टीझर आलेला असतो.

'सगळे बघतात, मी एकटीने न बघून काय होणार', हाही एक नेहमीचा मुद्दा. कंपनीचं काही होणार नाही. तुमचं होईल. अंधारात बसल्यावर, पुढच्या मिनिटाला काय होणार हे ठाऊक नसल्याची जी धडधड असते, ती कुठल्याच रिअ‍ॅक्शन व्हिडिओत मिळत नाही. ती एकदाच मिळते. मोबाइलवर, बसमध्ये, पाव वेगाने बघून आपण ती आधीच खर्च करून टाकतो.

तेव्हा माझं म्हणणं सोपं आहे. पहिला टीझर बघा, ओरडा, नाचा. दुसऱ्यापासून पुढचे सोडा. 'डूम्सडे' यायला अजून वेळ आहे आणि तोवर ट्रेलर, टीव्ही स्पॉट, पोस्टर, खास झलक असं बरंच दारात येऊन उभं राहील. दार उघडायची सक्ती नाही. चोवीस तासांतले व्ह्यूज शेअर करू नका, ते तुमचे नाहीत. अर्धवट शॉटवर 'ग्राफिक्स घाण' लिहायची हौस सिनेमा येईपर्यंत आवरा. आणि सिनेमा आल्यावर मात्र ती सगळी झूम, तो सगळा पॉज, तो चाळीस मिनिटांचा दम सिनेमावर काढा. स्टीव्ह परत आला, तो का आला, आणि त्याने 'एंडगेम'च्या त्या नाचाची लाज राखली का, यावर महिनाभर भांडू. मी तयार आहे.

तोपर्यंत स्टुडिओंना त्यांचा माल त्यांच्याच डोक्यावरून वाहू दे.